हमरस्ता कोणता आणि आडरस्ता कोणता? सगळ्यांनी मिळून काढलेल्या नकाशातला जुना वाद

भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक ९६५ डीडी. पनवेलहून पेण, महाड, चिपळूण करत गोव्याकडे जाणारा ६६ हाही राष्ट्रीय महामार्ग. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा ४८ हाही. सरकारी कागदात तिघांचा दर्जा एकच. पण जुलै महिन्यात भोरच्या एसटी स्टँडवर कोणाला विचारून बघा, "वरंध्याने जाऊ का?" समोरचा माणूस उत्तर द्यायच्या आधी आभाळाकडे बघेल. हा घाट पावसाळ्यात अवजड गाड्यांना बंद ठेवतात, आणि दरडीचं भय वाढलं की सगळ्यांनाच.

आता समजा नकाशा तुम्हीच काढताय. या तिन्ही रस्त्यांना एकच रंग देणार का?

हा प्रश्न मला गेली काही वर्षं अधूनमधून छळतो, कारण मी ओपनस्ट्रीटमॅपवर फावल्या वेळात रस्ते काढतो. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे विकिपीडियासारखा, कोणीही येऊन भर घालू शकेल असा जगाचा नकाशा. २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने इंग्लंडमध्ये तो सुरू केला. तिथे सरकारी नकाशांची माहिती विकत घ्यावी लागे आणि ती पुढे वापरण्यावर बंधनं असत, म्हणून आपणच जीपीएस घेऊन फिरू आणि नकाशा काढू, अशी ती कल्पना. आज ऑर्गॅनिक मॅप्स, ओएसएमअँड यांसारखी ॲप याच माहितीवर चालतात. गडावर रेंज नसताना मोबाइलवर वाट बघणाऱ्या ट्रेकर मंडळींनी ती बहुधा वापरली असतील.

या नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ आणि तिला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर नाव, एकीवर क्रमांक, एकीवर पृष्ठभाग डांबरी की मुरुमाचा, एकीवर एकेरी वाहतूक आहे की नाही. या चिठ्ठ्यांना टॅग म्हणतात. बाकीच्या चिठ्ठ्या नसल्या तरी चालतं, पण एक लागतेच: हा रस्ता कोणत्या पायरीवरचा? सगळ्यात वर 'मोटरवे'. खाली क्रमाने 'ट्रंक', 'प्रायमरी', 'सेकंडरी', 'टर्शिअरी'. मग 'अनक्लासिफाइड' आणि 'रेसिडेन्शिअल'. त्याखाली सोसायटीच्या आतल्या किंवा पेट्रोल पंपात शिरणाऱ्या रस्त्यासाठी 'सर्व्हिस', शेताकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवाटेसाठी 'ट्रॅक' आणि पायी चालायच्या वाटेसाठी 'पाथ'. गंमत म्हणजे या सगळ्या चिठ्ठ्यांच्या माथ्यावर शब्द एकच आहे, 'हायवे'. इंग्लंडच्या कायद्यात लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही वाट हायवे असते. त्यामुळे राजगडावर पाली दरवाजाने चढणारी वाटसुद्धा या नकाशाच्या भाषेत हायवेच.

एका शब्दावरून एवढी भांडणं कशाला, असं वाटेल. पण त्या शब्दावर दोन गोष्टी अवलंबून असतात. पहिली डोळ्यांना दिसते: नकाशा लहान करत गेलं की खालच्या पायरीचे रस्ते एकेक करून गायब होतात आणि शेवटी फक्त मोटरवे आणि ट्रंक उरतात. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं चित्र बघताना कोणते रस्ते दिसायचे हे ही चिठ्ठी ठरवते. दुसरी गोष्ट दिसत नाही, पण जास्त महत्त्वाची आहे. 'इथून तिथे कसं जाऊ' याचं उत्तर शोधणारी संगणकप्रणाली, जिला राउटर म्हणतात, ती रस्त्याचा वेग या पायरीवरून धरून चालते. ओएसआरएम नावाचा एक प्रसिद्ध राउटर आहे. त्याच्या मोटारींच्या मूळ आराखड्यात ट्रंकला ताशी ८५ किलोमीटर, प्रायमरीला ६५, सेकंडरीला ५५, टर्शिअरीला ४० आणि अनक्लासिफाइडला २५ असे आकडे लिहिलेले आहेत. वेगमर्यादा, पृष्ठभाग, रुंदी वगैरे दुसरं काही कोणी नोंदवलंच नसेल, तर हेच आकडे धरले जातात.

वरंध्याच्या वळणांवर ताशी ८५!

शब्द इंग्लंडचे, रस्ते आपले

या पायऱ्यांची नावं जशीच्या तशी ब्रिटनच्या रस्त्यांवरून आली आहेत. तिथे मोटरवे असतात, मग 'ए' रस्ते, 'बी' रस्ते, आणि ज्यांना यापैकी काहीच म्हटलेलं नाही ते 'अनक्लासिफाइड'. म्हणजे अनक्लासिफाइड हा तिथला सरकारी शब्द आहे, खालच्या दर्जाच्या पण रीतसर रस्त्याचा. आपल्याकडे नवा नकाशाकार तो वाचतो आणि समजतो, 'वर्गीकरण झालेलं नाही, म्हणजे मला माहीत नसेल तेव्हा हे लावायचं.' मग सहापदरी रस्ताही कधीकधी अनक्लासिफाइड होऊन बसतो. माहीतच नसेल तर त्यासाठी 'रोड' अशी वेगळी चिठ्ठी आहे, ती लावावी आणि पुढच्या माणसासाठी सोडून द्यावी.

ब्रिटनचा घोळ तर आणखी मजेदार आहे. तिथे हिरव्या पाट्यांच्या 'ए' रस्त्यांना सरकार 'प्रायमरी रूट' म्हणतं, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर नेमके तेच 'ट्रंक' होतात. जे प्रायमरी रूट नाहीत, असे उरलेले 'ए' रस्ते या नकाशावर 'प्रायमरी'! मुळात हे शब्द आहेत की नुसत्या क्रमाच्या खुणा, असा प्रश्न पडावा. मी तर नवीन मुलांना सरळ सांगतो की अर्थ विसरा, ही ए-बी-सी-डी समजा.

हे शब्द जगभर गेले तसे प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने वाकवले. जर्मनीत ट्रंक म्हणायला रस्त्याची बांधणी बघतात: ऑटोबानसारखा, दुभाजक असलेला, उड्डाणपुलांनी चौक टाळणारा रस्ता असेल तर ट्रंक, नाहीतर केंद्र सरकारचा क्रमांकित रस्ता असूनही तो प्रायमरीच. ब्रिटन पाटीचा रंग बघतो, जर्मनी बांधणी. आणि भारतात काय केलं? सरकारी यादी समोर ठेवली आणि जोड्या जुळवल्या. द्रुतगती मार्ग मोटरवे, राष्ट्रीय महामार्ग ट्रंक, राज्य महामार्ग प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी, त्याखालचे टर्शिअरी आणि अनक्लासिफाइड.

ही सरकारी यादी कुठून आली, ते महाराष्ट्रातल्या वाचकाने आवर्जून ऐकावं, कारण ती नागपूरची आहे. त्याआधी १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली. प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना रस्त्यांचा भार एकट्याने झेपणारा नाही, हा देशाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा, असं त्या समितीने सुचवलं. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था. मग डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली ती 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही पाच नावं तिथली. आजही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पाटीवर 'प्रजिमा' असं कोड्यात टाकणारं काही दिसलं, तर ते प्रमुख जिल्हा मार्ग. 'इजिमा' म्हणजे इतर जिल्हा मार्ग, 'रामा' म्हणजे राज्य मार्ग. महाराष्ट्राने मध्ये आणखी एक पायरी घातली आहे, प्रमुख राज्य मार्ग, म्हणजे 'प्ररामा'. ब्रिटिश शिडीत तिच्यासाठी जागाच नाही.

पुढे १९८१ च्या लखनौ योजनेत अभियंत्यांनी या पाच नावांचे तीन गट केले आणि त्यांना नेमकी प्रायमरी, सेकंडरी, टर्शिअरी अशीच नावं दिली. त्यांच्या सेकंडरीत राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग दोन्ही येतात. त्यामुळे स्थापत्य शिकलेला माणूस आणि नकाशा काढणारा माणूस 'सेकंडरी' म्हणताना दोन वेगळ्या रस्त्यांबद्दल बोलत असतात, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला काही कळत नाही.

कागद बघायचा की रहदारी?

वाद इथून सुरू होतो. एक बाजू म्हणते: सरकारने ज्याला राष्ट्रीय महामार्ग म्हटलं त्याला ट्रंक म्हणा आणि मोकळे व्हा. दुसरी म्हणते: रस्ता काय काम करतो ते बघा.

पहिली बाजू दिसते तेवढी आळशी नाही. नकाशा हजारो अनोळखी माणसं मिळून काढतात, तेव्हा 'मला हा रस्ता महत्त्वाचा वाटतो' याला काही अर्थ नसतो, कारण प्रत्येकाला आपल्या गावचा रस्ता महत्त्वाचा वाटतो. ('आमच्या गावचा रस्ता पिवळा करून दे की,' ही विनंती मला घरच्या लग्नात झाली आहे.) कागदाचं तसं नाही. तिकडे केरळात बसलेला माणूसही अधिसूचना वाचून खातरजमा करू शकतो. प्रत्यक्ष रस्त्यावरही पुरावा उभा असतो. पिवळ्या डोक्याचा मैलाचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगी ग्रामसडकेचा, हे आपण लहानपणी एसटीच्या खिडकीतून शिकलेलो असतो. जे जागेवर जाऊन तपासता येतं तेच नकाशावर लिहावं, हा ओपनस्ट्रीटमॅपचा सगळ्यात जुना दंडक आहे, आणि दगड तपासता येतो.

अडचण अशी की कागद हलतो आणि रस्ता जागेवरच राहतो. २०१४ मध्ये देशात राष्ट्रीय महामार्ग ९१,२८७ किलोमीटर होते. दहा वर्षांत तो आकडा १ लाख ४६ हजारांच्या वर गेला. नवे रस्ते झालेच, पण त्या वाढीतला मोठा भाग आधीच्या राज्य महामार्गांना राष्ट्रीय ठरवून आलेला आहे. त्यांच्या क्रमांकांतच त्याची खूण सापडते. २०१० मध्ये सगळ्या महामार्गांना नवे क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, म्हणून नागपूरवरून जाणारा ४४ आणि किनाऱ्याचा ६६. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात, म्हणून नागपूर-धुळ्याचा ५३ आणि पुणे-सोलापूरचा ६५. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा, आणि शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. रत्नागिरी-कोल्हापूरचा १६६ ही ६६ ची शाखा. शेवटी अक्षर लागलं की शाखेची पोटशाखा.

आता ९६५ डीडी पुन्हा वाचा. नावच सांगतंय की हे झाडाचं टोक आहे. ट्रंक म्हणजे खोड. आपण डहाळीवर खोड अशी चिठ्ठी लावतोय.

कागद उलट्या दिशेनेही हलतो, आणि कधीकधी त्याचं कारण रस्त्याशी संबंधित नसतंच. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू व्हायचा होता. त्याआधीच्या महिन्यात चंदीगडने शहरातले राज्य महामार्ग 'प्रमुख जिल्हा मार्ग' करून टाकले. एका रात्रीत. डांबराचा एक खडाही हलला नाही, गाड्या तेवढ्याच धावत राहिल्या, पण कागदाला प्रमाण मानणाऱ्या नकाशाकाराने प्रामाणिकपणे वागायचं तर त्याला सकाळी उठून प्रायमरीचं सेकंडरी करावं लागलं असतं. बारमुळे राउटरचा ताशी वेग १० किलोमीटरने कमी! हे उदाहरण सांगितलं की कागदवादी मित्रही जरा वेळ गप्प होतात.

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, ते एव्हाना लक्षात आलं असेल. पण 'काम बघा' म्हणजे काय बघायचं, हे नीट सांगावं लागतं, नाहीतर तीही मनमानीच. इथे मला आपली जुनी भाषा उपयोगी वाटते. गावात 'सेकंडरी' कोणी म्हणत नाही. तिथे हमरस्ता असतो, आडरस्ता असतो, फाटा असतो, शिवरस्ता असतो, पाणंद असते, गाडीवाट असते, पायवाट असते. हे शब्द नुसते ऐका. रस्ता किती रुंद, डांबर कसं, पैसे कोणत्या खात्याचे, यातलं त्यांत काही नाही. कोण कुठून कुठे जातो, एवढंच आहे. चार गावचे लोक ज्याने बाजाराला जातात तो हमरस्ता. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता. आपापल्या रानात जायची ती पाणंद. जुन्या गाव नकाशावरही गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो.

म्हणून मी आधी ठिकाणं बघतो, रस्ता नंतर. मोठी शहरं एकमेकांना ज्या रस्त्याने जोडली जातात, आणि परका ट्रकवाला ज्याने जाईल, तो ट्रंक. जिल्ह्याची ठिकाणं आणि मोठे तालुके जोडणारा प्रायमरी. तालुके आणि बाजारपेठा जोडणारा सेकंडरी. बाजाराचं गाव आणि आजूबाजूची मोठी गावं जोडणारा टर्शिअरी. वाड्यावस्त्यांना गावाशी जोडणारा अनक्लासिफाइड. बहुतेक वेळा उत्तर कागदाशी जुळतंच, कारण ज्यांनी कागद लिहिला तेही डोळे मिटून बसलेले नव्हते. जिथे जुळत नाही तिथेच विचार करायचा.

वाहनं मोजून दर्जा ठरवावा असं काही जण सुचवतात. त्याने भलतंच होतं. गडचिरोलीत आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता घ्या. जंगलातून जाणारा, गाड्या तुरळक. पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या बोळात दिवसभरात त्याहून जास्त स्कूटर जातात. पण भामरागड तालुक्याचं ठिकाण आहे आणि तिथे पोहोचायचा मुख्य रस्ता तोच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, दरवर्षी बातमी येते. रस्ता बंद पडल्यावर किती माणसं अडकतात, हे त्याच्या दर्जाचं माप धरलं तर हा रस्ता वरच्या पायरीवरच राहतो, गाड्या दहा जावोत की हजार. योगायोगाने कागदावरही तो राष्ट्रीय महामार्ग आहे, १३० डी. म्हणजे पोटशाखाच. तेव्हा क्रमांकाच्या लांबीवरून वरंध्याला नावं ठेवणाऱ्या मला इथे माझंच म्हणणं थोडं गिळावं लागतं.

आणि वरंध्याचंही खरं तर एवढं सोपं नाही. तो बंद होतो म्हणून त्याची पायरी खाली आणायची का? करूळ घाट दुरुस्तीसाठी २०२४ चं जवळजवळ अख्खं वर्ष बंद होता. कोल्हापूर-गगनबावडा-तळेरे वाहतूक दुसऱ्या घाटांनी फिरली. तेवढ्यापुरता आपण त्या दुसऱ्या घाटांचा दर्जा वाढवायचा नसतो. बंद असणं ही वेगळी चिठ्ठी आहे.

प्रत्येक गोष्टीला स्वतःचं घर

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त पटवून द्यावीशी वाटते. वादातले निम्मे वाद एका शब्दात चार गोष्टी कोंबल्यामुळे होतात. रस्ता खड्ड्यांनी भरलाय म्हणून त्याचा दर्जा उतरवायचा, ही चूक मी सर्रास बघतो. मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडल्यावर कित्येकांना तो रागाने थेट 'ट्रॅक' करावासा वाटला असेल. राग रास्त आहे, पण खड्ड्यांसाठी 'स्मूदनेस' नावाची चिठ्ठी आहे. डांबर की मुरूम, यासाठी 'सरफेस'. किती पदरी, यासाठी 'लेन्स'. टोलसाठी वेगळी, वेगमर्यादेसाठी वेगळी. मोसमी बंदीची सुद्धा तारखा-महिने घालून नोंद करता येते, आणि ती फक्त अवजड गाड्यांपुरतीही लिहिता येते. वरंध्याच्या वळणांवरचा तो ताशी ८५ चा वेडेपणा घालवायला दर्जा बदलायची गरजच नाही. रुंदी आणि वेग नोंदवले की समजूतदार राउटर आपोआप जमिनीवर येतो.

कागदालाही स्वतःचं घर आहे. क्रमांकाच्या चिठ्ठीत सरकारने दिलेला क्रमांक बिनबोभाट लिहावा, दर्जा काहीही ठरो. उद्या सर्वांनी ठरवून वरंधा प्रायमरी केला तरी ९६५ डीडी पुसायचं काहीच कारण नाही. जुन्या क्रमांकासाठीही जागा आहे, आणि ती महत्त्वाची आहे. २०१० मध्ये क्रमांक बदलले तरी पुणे-बंगळूर रस्त्याला आजही लोक 'एनएच फोर'च म्हणतात आणि मुंबई-गोव्याला 'एनएच सतरा'. पत्ता सांगताना ४८ म्हटलं तर समोरचा विचारतो, तो कुठला?

नावावर मात्र विसंबू नये. मुंबईचा वेस्टर्न एक्सप्रेस हायवे नावाने एक्सप्रेस आहे, पण त्यावरून रिक्षा जातात, बस थांबतात, कडेला माणसं उभी असतात. मोटरवे म्हणजे ज्यावर मधूनच कुठूनही शिरता येत नाही, चौक नसतो, पादचारी नसतात असा रस्ता. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मोटरवे आहे, अटल सेतू आहे, नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. या तिन्हींवर दुचाकीला बंदी. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाने बांधले. ते राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकमालेत नाहीत, आणि तरी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आहेत. म्हणजे कागदवाल्यांनीही या पायरीवर बांधणीच बघितली आहे. आपलं वर्गीकरण अशी खिचडी आहे, ते मान्य करून टाकावं.

नावाचा दुसरा नमुना म्हणजे रेवस-रेडी सागरी महामार्ग. कागदावर प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सलग. प्रत्यक्षात खाडी आली की रस्ता संपतो आणि तुम्ही गाडी फेरीबोटीत चढवता: आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. नकाशावर तिथे रस्त्याची रेघ ओढणं म्हणजे माणसाला गाडीसकट खाडीत घालणं. फेरीची वेगळी रेघ असते, ती काढायची. सगळे पूल होतील तेव्हा रस्त्याची.

शहरात शिरल्यावर कागदाचा आधार बराचसा सुटतो, कारण तिथले बहुतेक रस्ते महापालिकेचे आणि त्यांना प्रजिमा-इजिमा काही नसतं. तिथे शहरवासीयांची समज हाच पुरावा. पुण्यात जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत, एकाने जायचं आणि दुसऱ्याने यायचं. मग दोघांचा दर्जा सारखाच हवा, नाहीतर राउटरला वाटेल एकच दिशा महत्त्वाची आहे. लक्ष्मी रस्ता अरुंद आहे, पण पेठांमधून आरपार जाणारा आहे, म्हणून तो बाजूच्या बोळांच्या रांगेत बसत नाही. आणि बाह्यवळण झालं की जुन्या महामार्गाचं काय? कात्रज-देहूरोड बाह्यवळणाने ४८ क्रमांक घेतला, पण पिंपरी, खडकीवरून येणारा जुना मुंबई रस्ता त्यामुळे गल्ली झाला नाही. एक पायरी खाली आला, एवढंच.

एक नियम मात्र शहरात आणि गावात सारखाच पाळावा: वरच्या पायरीचा रस्ता मध्येच हवेत संपू नये. ट्रंक कुठूनतरी येतो आणि एका ओढ्यापाशी अचानक अनक्लासिफाइड होतो, असं दिसलं की समजावं, तिथे दोन नकाशाकारांची हद्द आहे, रस्त्याची नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी उपग्रहाचं चित्र समोर ठेवून भोर तालुक्यातले रस्ते काढत होतो. डोंगराच्या कुशीत एक मातकट रेघ दिसली, शेताशेतातून जाणारी, टोकाला दहा-बारा घरं. डांबर नाही, रुंदी नाही. मी ऐटीत 'ट्रॅक' लावलं. मातीचा रस्ता दिसला की ट्रॅक, ही चूक एकट्या माझी नाही. आफ्रिकेतल्या गावांचे रस्ते परदेशात बसून काढणाऱ्यांनी ती इतक्या वेळा केली की तिथल्या लोकांना वेगळे नियम लिहून सांगावं लागलं: पृष्ठभागावरून दर्जा ठरवू नका. मोटारींसाठीचे काही राउटर ट्रॅकवर गाडी घालतच नाहीत. म्हणजे त्या वस्तीकडे जायला रस्ताच नाही, असं नकाशा सांगू लागतो.

दोन वर्षांनी एका गडावरून उतरताना वाट चुकून मी त्याच वस्तीत आलो. वडाच्या पारावर एक आजी बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, खाली जायला वाट हीच का?" त्या म्हणाल्या, "वाट न्हाई, यष्टीचा रस्ता हाय त्यो. पाचची येईल, बस."

पाचची गाडी साडेपाचला आली. मुरुमाच्या त्या रस्त्यावरून धूळ उडवत, ओढ्यातल्या फरशीवरून हळूच उतरत ती खाली निघाली, आणि वाटेतल्या तीन वस्त्यांवरची माणसं चढली. घरी आल्यावर मी ट्रॅक काढून अनक्लासिफाइड लावलं, पृष्ठभाग मुरुमाचा लिहिला, ओढ्याच्या जागी पाण्याखाली जाणारी फरशी दाखवली. एसटी जिथे वळते तिथे थांब्याची खूण केली. बदल साठवताना कारण लिहायची एक चौकट येते, तिच्यात लिहिलं: 'जागेवर जाऊन पाहिलं. एसटी जाते. ओढ्याला पाणी आलं की बंद.'